वाल भरण्याआधीची पोपटी

विचुंबे, पनवेल
२० नोव्हेंबर २०११

चि. दादू मास्तर यास काशीरामचा आशीर्वाद.

फोन करून उपयोग नाही. तू "हॅलो, कोण?" असं ओरडतोस, समोरचं काही ऐकू येत नाही आणि ठेवून देतोस. कानाचं यंत्र टोचतं म्हणे तुला. जन्मभर पोरांचं शुद्धलेखन तपासलंस, आता बहिणीच्या नवऱ्याचं तपास.

भाऊबीजेला येऊन गेलास, पण धड बसला नाहीस. फ्लॅटमध्ये तासभर असा टेकलास की जणू बस सुटणार होती. तुझ्या वाडीचं विचारलं तर म्हणालास ऐकू आलं नाही. शेवयांची खीर वाढू का विचारलं ते बरोबर ऐकू आलं. असो.

आमचं आता बस्तान बसलं. जुनं घर पाडलं, तिथेच बिल्डिंग उभी राहिली आणि आपल्याला चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. आपल्याच जागेवर आपण राहतो, फक्त उंचावर. जिथे अंगण होतं तिथे गाड्या उभ्या असतात. बाहेरच्या चुलीच्या जागी कोणाची तरी लाल मोटार असते. लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे, संडास घरात आणि तोही विलायती. प्रितेश म्हणतो, "बाबा, आता आराम करा." आराम करून करून माझी कंबर धरली.

तुझी बहीण मजेत आहे. जेवण जरा कमी झालंय, पण वयाला धरून आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तिचं तिकडे येणं झालं नाही, तेव्हा तिने विचारलंय: शेवगा फुलला का? तुझी बायको गोदू अजून बाहेरच्या चुलीवरच भाकऱ्या करते का? तळ्यात जिताडा मासा सोडलाय का यंदा? सविस्तर लिही. तिला वाचून दाखवेन.

काशीराम

---

द्रोणागिरीजवळ, ता. उरण
२७ नोव्हेंबर २०११

ती. भावोजींना वाकून नमस्कार. पाठ वाकत नाही, पण मनाने वाकलोय.

पत्रात तीनच चुका सापडल्या. पास केलंय.

ताईला सांगा, मी आत्ता चिंचेखाली बाज टाकून बसलोय. ऊन पायाशी आलं की बाज सरकवतो, पुन्हा आलं की पुन्हा सरकवतो. दिवसभराचं काम एवढंच. गोदू समोर भाकऱ्या थापतेय आणि धूर मुद्दाम माझ्याकडे सोडतेय. तुम्ही दिलेल्या कोंबडीची पिल्लं आता स्वतः अंड्यावर बसायला लागली. ताईने लग्नाआधी लावलेला शेवगा एकदा वादळात मोडला होता ना, त्याच्याच बुंध्यातून फुटलेला आता छपराच्या वर गेलाय. फुलांचा सडा पडतो. गोदू त्याची भाजी करते आणि दरवेळी म्हणते, "तुज्या भैनीच्या हातची सर नाय."

तळ्यात जिताडा आहे. दिसत नाही, पण दुपारी पाणी हललं की कळतं.

विलायती संडासावर बसताना जपून. तुमचा तोल तसाही कमीच.

तुमचा,
दादू

---

विचुंबे
७ डिसेंबर २०११

दादू,

मागच्या पत्रात मी थाप मारली. तुझी बहीण मजेत नाही.

ती जेवत नाही. दोन घास तोंडात फिरवते आणि ताट सारते. पोलकं अंगावर लोंबतं. हात वर केला की बांगड्या कोपरापर्यंत घसरतात. पनवेलच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, फोटो काढले, पोटात दुर्बीण घालून पाहिलं. सगळं ठीक आहे म्हणाले. ठीक असलेलं माणूस असं खंगतं का?

मनिषा, आमची सून, बिचारी रोज वेगळं करून बघते. मऊ भात, सूप, खिमट. तुझी बहीण तिच्या डोक्यावरून हात फिरवते आणि ताट परत देते. काल मी चिडलो. म्हटलं, "तुला झालंय तरी काय? भूक का लागत नाही?"

ती खिडकीच्या जाळीकडे बघत म्हणाली, "भूक खाली ऱ्हायली."

म्हटलं, चल, खाली नेतो. तर म्हणते, "खाली कनचा आंगन हाय? गारीच्या चाकाखाली बसू?"

दादू, ती बाई आयुष्यात भिंतीला पाठ लावून कधी जेवली नाही. सकाळी अंगण सारवायचं, चुलीपाशी बसून पहिली भाकरी मोडायची, दुपारी निवडण-टिपण बाहेर, वाळवण बाहेर, भांडण करायचं तेसुद्धा बाहेर, म्हणजे आळीला ऐकू जावं. घर तिला फक्त पावसात लागायचं. हे मला माहीत होतं आणि तरी बिल्डरच्या कागदावर माझाही अंगठा आहे. सही येत असून मी हौसेने अंगठा दिला होता, शकुनाचा म्हणून.

आता कामाचं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते मोठ्याने वाचलं. गोदूच्या धुराचं वाचताना तिने डोळे चोळले. शेवग्याचं आलं तेव्हा म्हणाली, "भाकरी हाय का?" आणि अर्धी भाकरी खाल्ली, मिठाबरोबर.

म्हणून लिही. हात जोडतो तुझ्यापुढे. वाडीतलं काहीही लिही, पण लांबलचक लिही.

काशीराम

---

द्रोणागिरीजवळ
१२ डिसेंबर २०११

ती. भावोजी,

आधीच का नाही सांगितलं? पण रागावायला वेळ नाही. हे ताईजवळ बसून वाचा, आणि भाकरी आधीच करून ठेवा.

ताई, काल आम्ही पोपटी लावली. शेतातला वाल असा भरलाय की शेंग हातात घेतली की दाणे मोजता येतात. बांधावरून भांबुर्डा उपटून आणला, हाताला त्याचा वास अजून येतोय. मडकं तेच, आईचं, काठाला टवका गेलेलं. तळाशी भांबुर्डा, वर शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी, पुन्हा शेंगा, पुन्हा पाला. तोंड पाल्यानेच दाबून बंद केलं आणि मडकं उपडं केलं. पाण्याचा थेंब आत नाही. भोवती गवत, काटक्या, शेणी रचून पेटवलं.

गोदू दर दोन मिनिटांनी म्हणत होती, "जलली, जलली." मी म्हटलं गप बस. तू शिकवलंस तसं मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं आणि थेंब जागच्या जागी उडाला, तेव्हाच काढलं. मडकं उघडल्यावर जी वाफ आली ती तुझ्यापर्यंत यायला हवी होती. जमिनीवर केळीचं पान टाकून सगळे गोल बसलो. तुझ्या नावाच्या शेंगा वेगळ्या काढल्या आणि शेवटी मीच खाल्ल्या. लहानपणीही तुझ्या वाटणीचं मीच खायचो.

आता तू खा.

तुझा दादू

---

विचुंबे
२० डिसेंबर २०११

दादू,

पोपटीच्या पत्रावर तिने चार दिवस काढले. मधेच "शिंपडल्याचं वाच" म्हणायची. मी चर्र म्हटलं की हसायची. भाकरी, थोडी आमटी, एकदा तर सुकट मागितली. मी देवापुढे नारळ फोडला.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, कागदावरच्या वाडीने एवढं होतं, तर खरं अंगण दिल्यावर काय होईल! गच्ची रिकामी असते. गोठेवाल्याकडून शेण आणलं, लाल माती आणली आणि गच्चीच्या एका कोपऱ्यात चटईएवढं सारवलं. तीन विटा लावून चूल मांडली. तिला वर आणणार, एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी उदयसिंह आले. म्हणाले, "काका, हे काय? स्लॅब गळेल, वास येतो, लोक कंप्लेंट करतील." मी म्हटलं, ही जमीन माझी होती. ते म्हणाले, "होती ना?" आणि पाइप लावून धुवायला लावलं.

ती खिडकीत होती. पावसाच्या नळीतून शेणाचं पाणी खाली मोटारींमध्ये पडताना तिने पाहिलं. तेव्हापासून पुन्हा ताट परत.

रस्त्यापलीकडे एक मोकळा प्लॉट आहे, गवत माजलेला. तिथे नेतो म्हटलं तर येत नाही. "दुसऱ्याच्या जागंवं भिकाऱ्यावानी बसू काय?" म्हणते. मी रोज विचारतो, रोज तेच उत्तर.

प्रितेश म्हणतो, नव्या वर्षात दवाखान्यात भरती करू, नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडतील. पोरगा वाईट नाही रे. नळ सोडून मोरीत रडतो, त्याला वाटतं आम्हाला कळत नाही. पण नळी घातल्यावर ती परत येणार नाही, हे मला कळतं. खाटेवर, छताकडे बघत, नाकात नळी. मी ते बघू शकणार नाही.

म्हणून ठरवलंय. तिला तुझ्याकडे आणतो. आजारी बायकोला माहेरी टाकली असं लोक म्हणतील, म्हणू देत. मी पण राहीन, मला कोपरा दे, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी दिलास तरी चालेल. चिंचेखाली तिची बाज टाक. येत्या रविवारनंतर कधीही गाडी करून निघतो. तिलाही सांगितलंय.

काशीराम

---

द्रोणागिरीजवळ
२३ डिसेंबर २०११

ती. भावोजींस नमस्कार.

इतक्यात येऊ नये. गोदूची तब्येत बरी नाही. शिवाय घराचं काम काढलंय, पसारा आहे. रस्त्यावर ट्रेलरची रांग असते, ताईला धक्के बसतील. उन्हाळ्यात बघू. डॉक्टर म्हणतात तसं करावं, ते शिकलेले आहेत.

वाडीचं पुढच्या पत्रात लिहितो.

दादू

---

विचुंबे
२७ डिसेंबर २०११

दादू मास्तर,

तुझं पत्र मी तिला जसंच्या तसं वाचून दाखवलं. गाळता आलं असतं, पण मला राग आला होता. म्हटलं, कळू दे हिला हिचा भाऊ.

आई गेली तेव्हा तू रांगत होतास. तुला कडेवर घेऊन तुझी ताई मिठागरात जायची, बांधावर झोळी बांधायची, तू रडलास की खारट हाताने तुला गप करायची. हे मला तिने नाही, तूच सांगितलंयस, दरवेळी डोळे पुसत. आणि आज तिला चिंचेखाली एक बाज टाकायची तर तुझ्या घराचं काम निघालं! डॉक्टर शिकलेले आहेत म्हणे.

तिने ऐकून घेतलं. कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून पेजेचं पाणीसुद्धा चमच्याने जातंय, तेही मनिषाच्या हातून. माझ्या हातून घेत नाही.

प्रितेशने पिशवी भरली आहे. टॉवेल, गाऊन, फाइल. दाराशी ठेवलीय ती. येता-जाता मला तिची ठेच लागते. नव्या वर्षाच्या सुरुवातीला बेड मिळणार आहे.

मी त्याआधी तिला घेऊन येणार. तू दार उघड नाहीतर उघडू नकोस. वाडीला दार नाही, मी तिला सरळ चिंचेखाली नेऊन बसवीन. मग तू तिच्या तोंडावर सांग, काम काढलंय म्हणून.

काशीराम

---

उरण
३० डिसेंबर २०११

भावोजी,

येऊ नका. यायला काही उरलेलं नाही.

वाडी मागच्या वर्षी पावसाआधी गेली. शेत, तळं, सगळं. मुलांनी गोदामासाठी दिलं, मीही हो म्हटलं. चिंच यंत्राने एका दुपारी आडवी केली. शेवगा तर त्यांच्या लक्षातही आला नाही. तळ्यात भराव टाकला तेव्हा जिताडा आत होता की नाही मला माहीत नाही. घराची एक खोली राहिलीय. दारापासून दोन हातांवर गोदामाची भिंत, दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. बाज आहे, पण ती भिंतीला उभी करून ठेवलीय, टाकायला जागा नाही. गोदू गॅसवर भाकऱ्या करते आणि त्या करपतात. जन्मभर भाकरी न करपवलेली बाई ती.

भाऊबीजेला मला ऐकू आलं होतं. तुमच्या त्या खोलीत ताईला बसलेली बघून मला सांगवलं नाही.

पत्रं मी एस.टी. स्टँडच्या बाकावर बसून लिहितो. तिथे निदान आभाळ दिसतं, आणि कोणी उठवत नाही, लोकांना वाटतं म्हातारा बसची वाट बघतोय. तुम्ही लिहिलंत की ती अर्धी भाकरी जेवली. मग मी काय करणार होतो? लिहीत गेलो. माझ्यापाशी तेवढंच होतं. तुम्ही तिला आणतो म्हणालात आणि मी घराच्या कामाचं निमित्त लिहिलं.

हे पत्र तिला वाचून दाखवू नका. मला वाईट भाऊ म्हणू दे, पण तिची वाडी तिच्यापाशी राहू दे.

दादू

---

विचुंबे
५ जानेवारी २०१२

चि. दादूस,

हे पत्र मी जमिनीवर बसून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं आहे. मार्क कापू नकोस.

तुझं पत्र सोमवारी आलं. वाचलं आणि खिशात घातलं. मागच्या पत्रात तुला जे बोललो ते आठवून मला तोंड दाखवावंसं वाटेना. तेवढ्यात आतून हाक आली, "दादूचा पत्र आलाय ना? वाचा." खाटेवरून तिला खालच्या पोस्टमनची सायकलसुद्धा कळते.

गेलो. कागद उघडला आणि मनानेच सुरू केलं. शेवगा फुललाय, कोंबड्या आहेत, चिंचेला आकडे लागलेत, गोदू धूर सोडते. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "तुमी त्याच्यापरीस वाईट खोटा बोलता."

मी कागदाची घडी घातली.

"वाडी गेली ना त्याची?"

"तुला कोणी सांगितलं?"

"वालानं सांगला. आपल्या खाऱ्या खाजनाच्या शेतान वाल संक्रांतीच्या आदी कदी भरला नाय. जमीन सुकाय येल लागतो, पेरा मागं जातो. आनि यो दादू मार्गशीर्षात पोपटी लावून बसला! ज्याचा शेत दारासमोर हाय तो असा लिवल काय?"

मास्तर, जन्मभर पोरांच्या चुका काढल्यास आणि स्वतः ही केलीस. आणि मी? माझ्या बापजाद्यांनी वाल पेरला. पण ती जेवते एवढंच मला दिसत होतं, महिना कोण बघतो.

मी विचारलं, "मग खोटं कळूनही जेवलीस कशाला?"

"त्यानं कागदावं येवरी आग पेटवली. मी नाय खाल्ला तर त्याला कसा वाटल?"

"आणि मागच्या आठवड्यात भिंतीकडे तोंड का केलंस?"

"त्यानं येऊ नको लिवला तवा समजला. मी म्हनला, पार सरला. माजा बी आनि त्याचा बी."

मी तिला रागाने ते पत्र वाचून दाखवलं होतं, तू वाईट आहेस हे कळावं म्हणून. तिला त्यातून तू बुडालायस हे कळलं. एवढी वर्षं तिच्याबरोबर काढून मला ती कळली नाही, हे लिहिताना लाज वाटते.

मग तिने विचारलं, "आता तो बसतो कुटं?"

मी खरं सांगितलं. एस.टी. स्टँडवर.

दादू, ती उठून बसली. भिंतीला धरून नाही, माझा हात झटकून. "तो पोर स्टँडवं बसतो आनि मी हितं पलंगावं?" म्हणाली. साडीचा काष्टा मारायला मनिषाला बोलावलं. पिशवी उचलून प्रितेश दारातच उभा होता, दवाखान्याची गाडी खाली आली होती. त्याला म्हणाली, "पिशवी ऱ्हाऊ दे दारान. मना चार दिस दे. नायच जमला तर घाल तुजी नली." त्याने गाडी परत पाठवली.

लिफ्टमध्ये शिरली नाही. जिना उतरली, प्रत्येक मजल्यावर बसत, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकत. भार म्हणजे काय, सुपातलं भूस. खाली लाल मोटार उभी होती, तिच्याकडे न बघता पुढे गेली. रस्ता ओलांडून त्या मोकळ्या प्लॉटवर. चप्पल काढली. गवतात अनवाणी उभी राहिली. मी म्हटलं, "दुसऱ्याची जागा म्हणत होतीस ना?" तर म्हणे, "माज्यासाटी व्हती. दादूसाटी नाय."

तेव्हापासून आम्ही सकाळी खाली येतो, ऊन कलल्यावर वर जातो. पहिल्या दिवशी तिने नुसतं गवत उपटलं, बसल्या जागी, थकली की माझ्या मांडीवर डोकं टेकून. काल कुंपणाच्या कडेला एका झुडपाचा पाला चुरगळून हुंगला आणि माझ्या नाकाला लावला. भांबुर्डा! इतके दिवस मी त्यावरून जात होतो. आज तिने शेण मागितलं. मधे मधे थांबते, पण सारवलंय तिनेच. मला हात लावू दिला नाही.

पण जेवत नाही. हेच सांगायचं होतं. पेजेवरच आहे. मी चुलीवर भाकरी करून पुढे ठेवली, माझ्या हातची, नकाशासारखी. म्हणाली, "दादू आल्यावं. सगली बसू." मी रागावलो, पाया पडलो, काही उपयोग नाही. चार दिवसांतले तीन गेले. प्रितेश खिडकीतून बघत असतो. सोसायटीवाले म्हणतात या प्लॉटला पुढच्या महिन्यात कुंपण पडणार. तिला सांगितलं, तर म्हणे, "पुडचा म्हैना पुडं."

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. प्रितेश स्वतः गाडी घेऊन स्टँडवर येतोय, त्याच्या हातात देतो. बाकावरचा म्हातारा शोध म्हणून सांगितलंय. वाचून झालं की त्याच्याबरोबरच नीघ. गोदूला घे. आईचं मडकं असेल तर घे, संक्रांतीला लागेल. तोवर वाल भरतो.

तिने चटईएवढं नाही सारवलेलं, चौघं बसतील एवढं सारवलंय. सारवण अजून ओलं आहे. कुत्र्याने पाय देऊ नये म्हणून ती काठी घेऊन राखण बसलीय, आणि रस्त्यावर गाडी वाजली की मान वर करते.

लवकर ये.

काशीराम